गाजरगवताची भावकी

“…मग भरवसा ठेवायचा तरी कोणावर, बाबा? माझ्या डोळ्यांवर, का गावाच्या भीतीवर?”

होनराव मास्तर दर्ग्याच्या पायरीवर घाम पुसत बोलत होते. शाळेत विज्ञान शिकवायचे. पंचक्रोशीत त्यांच्याहून शहाणा माणूस नव्हता, असं निदान त्यांचं तरी मत होतं.

कमालशा फकीर शेवंतीच्या वाफ्यात खुरपत होते.

“बाटलीत काय आहे?”

“तांबेरा.”

“या अल्ला! लोक त्याला शिव्या घालतात, आणि तुम्ही बाटलीत भरून मिरवता?”

“हा गव्हाचा नव्हे. ही बुरशी गाजरगवतावर पडते. ओढ्याकाठी पडली, तिथलं गाजरगवत वाळून गेलं. गायरानात सोडली की तेही मोकळं होईल, शेरडांना पुन्हा चारा. पण गाव म्हणतं, बाबा हो म्हणाले तरच.”

“पिकांना विचारलंत?”

“तर! गहू, ज्वारी, हरभरा. पूड शिंपडली, ओलं फडकं झाकलं, पंधरा दिवस पाहिलं. एक डाग नाही!”

आपल्या मालाला वाईट कोण म्हणतो?

बाबा हसले. “पाहुणा एका घरी जेवून उठला, की पुढं कुठं उतरतो? भावकीत. तुम्ही चौकशी केलीत परक्यांच्या दारात.”

त्यांनी गाजरगवताचं एक फूल खुडलं, शेवंतीचं एक खुडलं, आणि दोन्ही मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

मास्तर बघत राहिले… कान लाल झाले. फुलांच्या कुळांचा धडा ते वीस वर्षं शिकवत होते. गाजरगवत, शेवंती, करडई, सूर्यफूल, सगळी एकाच कुळातली. आणि गायरानाला लागूनच करडई, सूर्यफुलाची शेतं.

बाबांनी शेवंतीची सगळ्यांत डौलदार कुंडी पुढं सरकवली.

“बाबा, ही तर उरुसासाठी राखलेली…”

“म्हणूनच.”

शेजारी करडईची कुंडी आली, सूर्यफुलाची आली, गाजरगवताचीही आली. मास्तरांनी चारही कुंड्यांवर पूड शिंपडली.

पंधराव्या दिवशी बाबा नमाज आटोपून आले, तर मास्तर अंगणात नाचायचेच बाकी होते. गाजरगवत तांबडं पडून लोळलं होतं. शेवंती टवटवीत, करडई टवटवीत.

“कोरं, बाबा! सगळं कोरं!”

बाबांची नजर सूर्यफुलाकडं गेली आणि चेहरा उतरला.

“सगळं?”

“…सगळं.”

बाबा सूर्यफुलापाशी उकिडवे बसले. एका जागी देठ नुकताच मोडलेला होता, अजून ओला.

“बकरी येऊन गेली वाटतं. मोठी सोवळी बकरी. एकच पान खाल्लं.”

 मास्तरांनी हळूच सदऱ्याच्या खिशातून पान काढलं. त्यावर मोहरीएवढे दोन फिके ठिपके.

“ठिपक्यांवर तांबेऱ्याची पूड धरली नाही, बाबा. बहुधा काहीच नाही… पण गावानं एवढंच पाहिलं असतं.”

सत्तरीचे बाबा टुणकन उठले.

“डाग सापडला! अरे मास्तर, शेतात नव्हे, कुंडीत सापडला!”

आत जाऊन त्यांनी गुळाचा खडा आणला आणि मास्तरांच्या तोंडात कोंबला. मास्तर चक्रावले. मग त्यांनाही हसू फुटलं, गुळासकट.

“म्हणजे… गायरानाचं राहिलं?”

“गायरान कुठं पळतंय? आधी वीस सूर्यफुलं लावून पुन्हा तपासू. बी माझं, पाणी तुमचं.”

“आणि गावाला काय सांगू?”

बाबांनी ते पान हलक्या हातानं सरळ केलं आणि मास्तरांच्या वहीवर ठेवलं.

“हिशेब नेकीनं ठेवा, मास्तर. हे पान पहिल्या ओळीत लिहा.”