कालव्याच्या वाटेवरची विहीर

एका गावात एक भोळा माणूस होता. गाव वाळवंटाच्या काठावर, आणि तो माणूस मी, सोपान ढेंबरे.

आमच्याकडे पाण्याचा कालवा यायचा होता. खोदण्याआधी त्या वाटेवर जुन्या काळचं काही पुरलंय का, हे बघायला देवस्थळीबाई आल्या. त्यांना मदतीला गडी हवा होता. गावात रिकामा मीच होतो.

बाईंनी लाल झेंड्या दिल्या. "सोपान, जुनं काही दिसलं की शेजारी झेंडी रोव."

मी दुपारपर्यंत हिंडलो. बाभळीखाली सावजीआजोबा बसले होते. वय ब्याण्णव. त्यांच्याहून जुनं आसपास काहीच नव्हतं. रोवली झेंडी.

"अरे, जिवंत माणसाला झेंडी लावतात का?" बाई म्हणाल्या. "माणसांनी मागं सोडलेल्या वस्तू शोध."

पटलं. दुसऱ्या दिवशी एका तंबूबाहेर बुटांचा जोड सापडला. मी तो ब्रशनं झाडला, पिशवीत घातला, नंबर टाकला आणि पेटीत कुलूपबंद केला. बूट कालव्याच्या इंजिनिअरसाहेबांचे होते. साहेब तापल्या वाळूवर उड्या मारत जेवायला गेले.

बाईंनी कपाळाला हात लावला. "सापडलेली वस्तू जागची हलवायची नाही! मापं घ्यायची आणि कागदावर काढायची. आता चुकलास तर घरी जा."

हे मी पाठच केलं.

तिसऱ्या दिवशी बाई पुढं, मी मागं. अचानक वाळू खचली आणि बाई दिसेनाशा झाल्या. वाकून पाहिलं. खाली विटांची गोल विहीर होती, आणि तिच्यात कमरेपर्यंत रुतलेल्या बाई.

"सोपान, मला काढ!"

"लगेच काढतो, बाई." मी मोजायची फीत खाली सोडली. "जरा सरळ उभ्या राहा."

"अरे, लवकर काढ! वाळू वर चढतेय!"

मी पेन्सिलला टोक केलं. बाई ओरडत होत्या, म्हणून तोंड उघडं काढलं. वाळू छातीशी आली, तेव्हा कंबर खोडावी लागली.

आरडाओरडा ऐकून खोदकामाची माणसं धावली. त्यांनी दोर सोडून बाईंना वर ओढलं. मी त्यांना अडवत होतो. नाक राहिलं होतं.

विटांचा थर न् थर मात्र मी मोजून काढला होता. तोच कागद वरच्या कचेरीत गेला. कालवा शंभर पावलं वळवला, विहीर वाचली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

बाई माझ्याशी अजून बोलत नाहीत. चित्राखाली मी लिहिलं होतं, "विहीर फार जुनी. आतली बाई त्याच काळातली असावी."