काकडशिंगीची पेरणी

फार पूर्वी कांपिल्य नगरात भद्रसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व माळ्याच्या कुळात जन्मले होते आणि राजाची बाग राखीत होते.

राणी कुसुंभा दूर उत्तरेच्या डोंगरातली. लहानपणी लग्न होऊन आली ती आलीच. बारा वर्षांत तिने माहेरचा उंबरठा पाहिला नव्हता. राजाचा तिच्यावर भारी जीव, म्हणूनच तो तिला नजरेआड होऊ देईना. आता असल्या जिवाला काय म्हणावे! येताना तिने पदराच्या गाठीत मूठभर काकडशिंगी आणली होती. माहेरच्या अंगणातल्या झाडाच्या त्या शिंगासारख्या शेंगा आई खोकल्यावर मधातून द्यायची. यंदा आठवण अनावर झाली, तेव्हा राणीने एक ठेवून बाकीच्या राजाच्या बागेत पेरल्या. रोज स्वतः पाणी घाली, वाकवाकून माती न्याहाळी. कोंब म्हणून दिसेना. तिचे अन्नावरचे मन उडाले.

राजा माळ्याला म्हणाला, "महिन्याभरात कोंब दिसला तर एक गाव तुझं. नाही दिसला तर बागेत पाय ठेवू नकोस."

प्रधान पिंगलाने माळ्याला बाजूला घेतले. "अरे, लाव की कसलंही रोप! राणीला काय कळतंय?"

"खोट्या झाडाला मिठी मारून त्या जन्मभर रडतील," बोधिसत्त्व म्हणाले. "ते पाप मला नको."

दुसऱ्या दिवशी राजाराणी बागेत आली, तेव्हा बोधिसत्त्वांनी राणीकडे उरलेली एक शिंगी मागून घेऊन तिच्यासमोर फोडली. आत बी नव्हते. करडी भुकटी होती, आणि वाळलेले बारीक किडे.

"देवी, ही शेंग नव्हे. तिळाहून बारीक किडा कोवळ्या पानाला सोंड लावतो. झाडाला तो झटकता येत नाही. मग पान तिथंच फुगतं, वळतं, शिंगासारखं वाढतं. किड्याची पिल्लं आत पोसतात आणि भिंत फुटली की उडून जातात."

राणीने ती फुटकी शिंगी हातात घेतली. "म्हणजे मी रिकामी घरं पेरली? आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतक्या आशेनं पाणी घालत होता. माझी जीभच रेटेना. चुकलो."

"मग तिकडून खरं बी आणू," राजा म्हणाला.

"ते थंडीतलं झाड, महाराज. इथल्या उन्हात करपेल."

राजा भडकला. "चालता हो बागेतून!"

बोधिसत्त्व नमस्कार करून निघाले.

"थांब!" राणी म्हणाली. राजापुढे तिने असा आवाज कधी चढवला नव्हता. "याने खरं सांगितलं, म्हणून मलाही खरं बोलता येतंय. मला झाड नकोच होतं, महाराज. मला आई हवी आहे. ती आहे की गेली, एवढंसुद्धा मला ठाऊक नाही."

राजाची मान खाली गेली. त्याने माळ्याला परत बोलावले आणि चौथ्या दिवशी राणीचा रथ उत्तरेला धाडला. डोंगरातल्या त्या घराच्या दारात एक म्हातारी बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि विचारले, "पोरी, तू कोणाची गं?"

"तुझीच," राणी म्हणाली.

एवढे सांगून भगवान शास्ता समोरच्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा हा उपासक धनंजित, राणी ती भिक्षुणी सुवीरा, आणि माळी मीच होतो. गोड खोटे सांगून कोणाचे दुःख झाकू नका, भिक्षूंनो. करुणेने बोललेले सत्य, तीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."