प्रगतिपुस्तकावरची सही

शाळेसमोर आमदारांच्या गाडीची काच फुटली आणि तासाभरात फौजदार जगदाळे थेट मी शिकवत होते त्या आठवीच्या वर्गात घुसले. दगड हिनंच मारला म्हणत रुचिरा घुगेला उठवून त्यांनी हेडसरांच्या खोलीत नेलं. मी मागोमाग धावले आणि दारातच थिजले. तेरा वर्षांच्या पोरीपुढं तयार कबुलीजबाब! ना आई जवळ, ना बाप. आणि आमचे हेडसर खुशाल पेन पुढं करत होते!

"सही कर आणि जा घरी," फौजदार गुरकावले.

रुचिरानं कागद वाचला आणि हेडसरांकडं वळली.

"सर, गेल्या आठवड्यात प्रगतिपुस्तकावर मीच सही केली, तेव्हा तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत. म्हणालात, पोरांच्या सहीला काडीची किंमत नसते, पालकांना घेऊन ये."

"बरं, मग?"

"गणितात नापास झाल्याच्या कागदावर माझी सही चालत नाही, मग गुन्हा केल्याच्या कागदावर कशी चालेल?"

हेडसरांनी पेन खिशात ठेवलं आणि मुकाट्यानं तिच्या आईला फोन लावला.