तिवड्याला लावलेला हात

पायी माणसाला खिंड ओलांडायला दोन दिवस लागत आणि चांगल्या घोड्याला एक सकाळ पुरे होई, त्या काळातली ही गोष्ट.

खिंडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात घोडी पुष्कळ, आणि घोड्यांच्या बढाया मारणारे त्याहून पुष्कळ. त्याच गावात खोगिरं शिवणारा एक कारागीर राहायचा. त्याची मुलगी येसू. पंधरा वर्षांची, काटकुळी, राग नाकावर. बापानं एका खोगिराच्या बदल्यात मिरी नावाची काळी घोडी घेतली होती. येसू तिच्यावर बसायला शिकत होती.

येसूच्या मनात एकच गोष्ट होती. खिंडीची थैली.

ही थैली कातड्याची होती. पलीकडच्या खोऱ्यात वैद्य नव्हता, म्हणून इकडून औषधं आणि पत्रं त्या थैलीत भरून जात. तीस वर्षं ती सगुणाआत्यानं नेली. आत्या कोणा एकाची नव्हती, सगळ्या गावाचीच आत्या होती. पुढे तिचे गुडघे गेले. थैली तिच्या घरात खुंटीला लागली. आता औषध पायी जायचं, आणि कधीकधी रोगी गेल्यावर पोहोचायचं.

गुडघे गेले तरी आत्याची जीभ शाबूत होती. घरात बसेल तर ती आत्या कसली! भर पावसाळा आणि सुगी सोडली, तर दर बाजाराच्या संध्याकाळी ती गावाच्या खळ्यावर शिकाऊ स्वारांची फेरी भरवायची. दोन टोपल्यांवर आडवा बांबू, एक गोवऱ्यांचा ढीग, दोरीवर वाळत घातलेली गोधडी आणि शेवटी पाण्यानं भरलेला चर. बस, एवढंच मैदान. पहिल्या येणाऱ्याला बक्षीस गुळाचा खडा, आणि तोही घोड्याला.

पण त्या खळ्याचा एक रिवाज होता. मळणीच्या वेळी बैल ज्या खांबाभोवती फिरतात, तो तिवडा खळ्याच्या मधोमध उभा असायचा. फेरी संपली की स्वारानं तिवड्याला हात लावायचा आणि आपली चूक मोठ्यानं बोलायची. चूक बोलली तरच दुसरी फेरी मिळायची. नाही बोलली, तर घोडा घेऊन घरी!

येसूच्या पहिल्याच फेरीत गंमत झाली. बांबूवरून उडी घेताना खोगीर गर्रकन फिरलं, मिरीच्या पोटाखाली गेलं, आणि येसू गोवऱ्यांच्या ढिगात. सगळं खळं हसलं. खोगीरवाल्याची पोर, आणि खोगिरावरूनच घसरली!

येसू तोंडावरची धूळ पुसत तिवड्यापाशी आली आणि म्हणाली, "घोडी द्वाड आहे."

"घोडीची चूक घोडी सांगेल," आत्या म्हणाली. "तू तुझी सांग."

"मी तंग चांगला आवळला होता! देवाशप्पथ!"

"आवळला होतास. पण ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे. तंगाचा पट्टा पोटाखालून आवळताना ती श्वास भरून पोट फुगवते. तू वर बसलीस की श्वास सोडते, आणि पट्टा ढिला. तिला आधी दहा पावलं चालव, मग पुन्हा आवळ. आता हात लाव, बोल."

येसूनं नाक मुरडलं. पण तिनं हात लावला. "तंग मी एकदाच आवळला. चूक माझी."

"हां! आता जा, दुसरी फेरी मार."

त्या दिवसापासून येसू दर बाजाराला खळ्यावर दिसू लागली. पडायची, उठायची, तिवड्याला हात लावायची. एकदा लगाम ओढला म्हणून, एकदा घाई केली म्हणून. चराचं मात्र तिला फार भय. पाणी आलं की तिची नजर खाली जायची आणि मिरी थबकायची. चैत्र येईतो अकरा वेळा पडून झालं होतं.

चैत्रात गावात दवंडी पिटली. दसऱ्याला राजधानीत घोडेस्वारांचं मोठं मैदान भरेल, आणि राणीसाहेब तिथेच खिंडीच्या थैलीसाठी स्वार निवडतील! मात्र राजधानीचा कायदा कडक होता. मोठ्या मैदानात जो पडला, त्याला ते मैदान जन्मात पुन्हा नाही.

गावात एकच गलका उठला. पाटलाचा मुलगा हैबत लगेच मिशीवरून हात फिरवायला लागला. त्याच्याकडे पांढराशुभ्र उंच घोडा होता, आणि येसूच्या बापानं नुकतंच शिवून दिलेलं लाल बुट्ट्यांचं खोगीर होतं. खळ्यावर तो कधी फिरकला नव्हता. "गोवऱ्यांवरून उड्या मारायला मी काय शेणी थापतो?" असं म्हणायचा.

येसूचा बाप म्हणाला, "पोरी, तूही जा. थैली एकदा दुसऱ्याच्या खांद्यावर गेली, की तीस वर्षं हाती लागायची नाही."

खरंच होतं ते. येसूला दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी ती आत्याकडे गेली. खुंटीवर थैली होती, तेल लावून मऊ ठेवलेली.

"आत्या, मी जाऊ का गं राजधानीला?"

"मला काय विचारतेस? मी काय तुझ्या घोडीवर बसणार आहे?"

"सांग ना!"

"मागच्या फेरीला तिवड्यापाशी काय बोललीस?"

येसू हळूच म्हणाली, "चरावर खाली बघितलं."

"त्याच्या मागच्या फेरीला?"

"तेच."

आत्या जात्यापाशी जाऊन दळायला बसली. येसूनं थैलीचा पट्टा खुंटीवर नीट केला. मग डोळे पुसून म्हणाली, "यंदा नाही जात. माझी अजून खळ्याचीच लायकी आहे."

"खळ्याचीच म्हणू नकोस," जातं थांबवून आत्या कडाडली. "खळ्याची म्हण! पुन्हा त्या 'च'ला माझ्या दारात आणलंस तर बघ!"

पण गावाचं तोंड कोण धरणार! पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "आली बघा खळ्याची राणी!" पोरं मागून घोड्यासारखी खिंकाळायची. बाप चार दिवस बोलला नाही. आणि दसऱ्याला हैबत राजधानीला निघताना घोडा मुद्दाम तिच्या दारावरून नेत म्हणाला, "येसे, येताना तुझ्या मिरीला गूळ आणू का राजधानीचा?"

"आणा की," येसू म्हणाली. "पण दादा, तंग दोनदा आवळा. दहा पावलं चालवून."

"खोगीरवाल्याच्या पोरीनं मला घोडा शिकवावा!" हैबत हसला आणि गेला.

दसऱ्यानंतर पाच दिवसांनी तो परत आला. पायी, घोड्याचा लगाम हातात, कपाळाला पट्टी. पहिल्याच कुंपणावर खोगीर फिरलं होतं. इतर स्वारांनीही राणीला पसंत पडेल असं काही केलं नव्हतं. थैली कोणालाच मिळाली नाही, निवड पुढच्या दसऱ्यावर गेली.

आता पडला तर पडला, माणूस पडतोच. पण हैबतनं चावडीवर सगळ्यांदेखत ते लाल बुट्ट्यांचं खोगीर भिरकावून दिलं आणि म्हणाला, "याच्यामुळे माझं नाव बुडालं! शिलाईच कच्ची!"

झालं. पाटलाच्या मुलाचा शब्द तो. आठ दिवसांत लोक खोगिरं परत आणून कारागिराच्या ओसरीवर टाकू लागले. बाप एकेक टाका बोटानं तपासायचा, ओढून बघायचा. टाका हलायचा नाही. मग पुढचं खोगीर ओढायचा, आणि तेच येसूला बघवेना. आता थैलीचा प्रश्न मागे पडला होता. बापाच्या हाताची लाज राखायची होती.

ती चावडीवर गेली, धुळीतलं लाल खोगीर उचललं, झटकलं आणि डोक्यावर घेऊन भर गावातून घरी आली.

"काय करणार याचं?" बापानं विचारलं.

"बसणार. पुढच्या दसऱ्यापर्यंत रोज याच्यावरच बसणार. अप्पा, फक्त पट्टा मिरीच्या मापाचा करून दे. बाकी एक टाका बदलू नकोस."

वर्षभर येसू त्या खोगिरावर बसली. उन्हानं लाल बुट्टे विटले, कडा गुळगुळीत झाल्या. ती आणखी आठ वेळा पडली. आठही वेळा खोगीर जागच्या जागी होतं आणि पडली होती ती येसू, आणि आठही वेळा तिनं ते तिवड्याला हात लावून सांगितलं. चराची भीती कमी झाली. संपली नाही, पण कमी झाली. मग आत्या एका बाजाराला म्हणाली, "आता तुला खळं पुरं. जा!"

दसऱ्याला राजधानीचं मैदान फुलून गेलं होतं. झालरी, नगारे, जरीची पागोटी. मधोमध उंच खांबावर झेंडा. मिरीसारखी बुटकी घोडी तिथे एकच होती, आणि विटलेलं खोगीरही एकच. तिथले घोडे सांभाळणाऱ्या एका मोतद्दारानं येऊन तिचा तंग आवळून दिला. येसूनं "बरं" म्हटलं, मिरीला दहा पावलं चालवलं, आणि पुन्हा खाली उतरून तंग आवळला. दोन बोटं सैल झाला होता.

"एवढी घाबरलीस होय गं?" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. येसूनं खळ्यावर याहून मोठं हसू ऐकलं होतं.

नगारा वाजला. पहिलं कुंपण गेलं, दुसरं गेलं. खोगीर तसूभर हललं नाही. दगडी भिंत, लाकडाचे ओंडके, सगळं मिरीनं कान टवकारून पार केलं. शेवटी पाणी. खळ्यावरच्या चराच्या तिप्पट. जवळ येताच येसूची नजर पापणी लवण्याएवढा वेळ खाली गेली, आणि परत वर आली. मिरीनं उडी घेतली. पलीकडे! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. परीक्षकांनी पहिल्या क्रमांकाचा झेंडा उचलला.

आणि येसू? ती सवयीनं घोडी घेऊन मैदानाच्या मधोमध गेली. तिथे तिवडा कुठला असणार! तिनं झेंड्याच्या खांबाला हात लावला आणि खणखणीत आवाजात बोलली, "पाण्यावर मी खाली बघितलं. मिरीचा मागचा पाय पाण्यात गेला. चूक माझी."

परीक्षक एकमेकांकडे बघू लागले. पाय पाण्यात गेलेला कोणाला दिसलाच नव्हता. एकानं जाऊन मिरीचा मागचा पाय चाचपला. खूर ओला होता.

उचललेला झेंडा खाली आला. पहिला क्रमांक दुसऱ्या एका स्वाराला गेला, आणि तो त्याच्या हक्काचाच होता. येसू दुसरी आली. लोकांत खसखस पिकली. "हातातलं सोडलंन् वेडीनं!"

तेवढ्यात राणीसाहेब उठून उभ्या राहिल्या. "मुली, इकडे ये. हे चूक बोलायचं तुला कोणत्या उस्तादानं शिकवलं?"

"आमच्या खळ्यानं, राणीसाहेब. एकोणीस वेळा पडून शिकले."

"आणि हे जुनं खोगीर कुणाचं?"

येसूची मान ताठ झाली. "माझ्या बापानं शिवलेलं. मागच्या वर्षी याच मैदानात नाव बदनाम झालेलं. तोच टाका, तेच कातडं. बघून घ्या."

राणीनं खोगिरावरून हात फिरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पहिला क्रमांक उत्तम उडीचा, तो ज्याचा त्याला दिला. पण खिंडीत परीक्षक बसलेले नसतात. तिथे ओढ्यात पाय घसरला आणि औषध भिजलं, तर पलीकडे जाऊन 'भिजलंय, देऊ नका' असं सांगणारं माणूस मला हवं. थैली हिची!"

येसू गावात परतली तो बाजाराचाच दिवस होता. ती सरळ खळ्यावर गेली. बाप तिथे होता, आत्या होती, अख्खा गाव होता. आत्यानं थैली स्वतःच्या हातानं तिच्या खांद्यावर घातली आणि पट्टा ओढून बघितला. "हीसुद्धा दहा पावलांनी पुन्हा आवळ," म्हणाली, आणि तोंड फिरवून पदरानं नाक पुसलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. हैबत आपला पांढरा घोडा घेऊन आत आला. मोठं मैदान त्याला जन्माचं बंद होतं. खळं कोणालाच बंद नव्हतं. त्यानं कोणाकडे बघितलं नाही. तिवड्यापाशी जाऊन हात लावला. तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," आत्या म्हणाली.

"तंग मी एकदाच आवळला होता," हैबत म्हणाला. "खोगीर चांगलं होतं. चूक माझी."

येसूच्या बापानं खाली बघितलं. मग पुढे होऊन पांढऱ्या घोड्याच्या तोंडाशी गुळाचा खडा धरला.

"हां!" आत्या म्हणाली. "आता जा, दुसरी फेरी मार."

तात्पर्य: नव्या शिकणाऱ्यानं आपल्या गावच्या छोट्या मैदानाची लाज धरू नये. जिथे पडायची मुभा असते आणि चूक स्वतःच्या तोंडानं बोलावी लागते, तिथे आधी मनसोक्त पडून घ्यावं. मग कुठल्याही मोठ्या मैदानात मान ताठ राहते, पहिला नंबर येवो न येवो.