फेकून दिलेला कंद

नदीकाठच्या एका जंगलात, अर्जुनाच्या झाडाखाली, एका खारीने छोटीशी बाग केली होती. तेरडा, अबोली, गुलबक्षी अशी ओळखीची फुले तिच्याकडे भरभरून फुलत. एका हिवाळ्यात गारपिटीत सापडलेल्या धोबी पक्ष्याला तिने आपल्या ढोलीत आसरा दिला. तो दूर उत्तरेच्या डोंगरांतून आला होता. जाताना त्याने चार बारीक काळ्या बिया तिच्यापुढे ठेवल्या. "आमच्याकडे याला निळीभोर फुलं येतात, खारूताई. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकतं," तो म्हणाला. तेवढ्यात त्याच्या थव्याची हाक आली आणि पुढचे काही सांगायच्या आत तो उडून गेला.

खारीने माती भुसभुशीत करून बिया पेरल्या. तेरडा आठ दिवसांत वर येतो. या बियांचा मात्र दोन महिने पत्ता नव्हता. अखेर चारांतली एकच उगवली, तीही तांदळाच्या दाण्याएवढे पान घेऊन. पहिल्या वर्षी तीन पाने आली, दुसऱ्या वर्षी सात. फुलाचे नाव नाही. मुलांनो, त्या सात पानांसाठी खार किती राबली म्हणून सांगू! भर उन्हात नदीवरून पळसाच्या पानात पाणी आणायची, गोगलगायी एकेक करून वेचायची, दुपारी ऊन फार झाले तर रोपावर आपल्या शेपटीची सावली धरून बसायची. जवळच राहणारा ससा येता-जाता विचारी, "काय खारूताई, यंदाही पानांचीच भाजी का?" ती हसून सोडून देई, पण बोल मनाला लागायचाच.

तिसऱ्या वर्षी चैत्र लागला आणि पाने पिवळी पडू लागली. खारीने पाणी वाढवले, सावली केली. काही उपयोग झाला नाही. वैशाखात सगळे रोप वाळून मातीला टेकले. शेजारी बिळात एक घूस राहत असे. मातीतले सगळे तिलाच कळते, अशी तिची ख्याती होती. खार तिला बोलावून म्हणाली, "मावशी, जरा बघता का? माझा तर धीरच होत नाही." घुशीने माती उकरली, आतला कंद पुढच्या पायांनी दाबून पाहिला, नाकाशी धरला आणि म्हणाली, "गेलं गं बाई ते. परमुलखाचं रोप, इथं कुठं तग धरणार? काढून टाक. कुजका कंद ठेवलास तर कीड लागेल साऱ्या बागेला."

"एक पावसाळा थांबू का?" खारीने विचारले.

"थांब की. पण उद्या अबोली गेली तर माझ्या दारात रडत येऊ नकोस."

खारीने कंदाकडे नीट पाहिलेही नाही. तोंड फिरवून तिने तो कुंपणापलीकडच्या उकिरड्यावर फेकला, त्या जागी गुलबक्षी लावली आणि दोन दिवस ढोलीतून बाहेर आली नाही.

पाऊस सरला. आश्विनात एका सकाळी घुशीच्या दारापुढे मोठी गर्दी जमली. खारही गेली आणि जागच्या जागी थबकली. बिळाच्या तोंडाशी एका हिरव्यागार रोपावर नऊ निळीभोर फुले डुलत होती. "मावशी, हाताला गुण आहे हो तुमच्या!" ससा म्हणत होता.

"हे माझं आहे!" खार ओरडली. "तीन वर्षं मी वाढवलंय ते."

"तुझं तर वाळून गेलं ना?" ससा म्हणाला. "तूच सांगत होतीस सगळ्यांना."

घूस शांतपणे म्हणाली, "मी उकिरड्यावरून उचललं. ज्यानं टाकलं, त्याचा त्यावर हक्क कसला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. टाकले तर खारीनेच होते.

गर्दी पांगल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, खरं सांगा. तो जिवंत आहे हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"दाबला तेव्हाच. चांगला टणक होता," घूस फुलांवरची धूळ झटकत म्हणाली. "पुरते भरले की उन्हाळ्यात निजतात असले कंद. तू एकदा दाबून पाहिला असतास तर तुलाही कळलं असतं."

खार परतली. त्या दिवसापासून ती पाण्याला लांबच्या वाटेने जाऊ लागली. जवळची वाट घुशीच्या दारावरून जात होती.

तात्पर्य : ज्यासाठी आपण स्वतः राबलो, त्याचा निकाल दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मोकळे होऊ नये; जो जाणकार असतो, तो आपला हितचिंतक असतोच असे नाही.