तग कुठे मिळतो?

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

फार पूर्वी, झाडं आणि किडामुंगी एकमेकांशी बोलत तेव्हा, एका ओढ्याकाठी मुंग्यांचं वारूळ होतं. एकदा वर डोंगरात ढग फुटले. कासवआजोबा ओरडले, "पोरींनो, पाणी येतंय, तग धरा!"

थोरली मुंगी गोंधळली. "धरतो की, पण तग असतो कुठे?"

"माझ्याकडे," काठावरच्या झुडपांतली निरगुडी म्हणाली. "वाकायचं आणि पुन्हा उभं राहायचं."

"त्याला लोटांगण म्हणतात!" पाल हसली. "शेपटी टाकून पळायचं, मागाहून नवी येते. हा खरा तग."

"पळपुटी मेली!" खालच्या गवतातली हरळी म्हणाली. "मुळं सोडायची नाहीत, बस."

तिघींची जुंपली आणि पाणी वारुळाच्या तोंडाशी आलं. आत अंडी होती.

"तुम्ही भांडा, आम्ही तिन्ही करतो," थोरली म्हणाली. मुंग्यांनी साठवलेले दाणे तिथेच टाकले, अंडी तोंडात धरली आणि निरगुडीच्या शेंड्यावर एकमेकींचे पाय घट्ट पकडून बसल्या. निरगुडी पार पाण्यापर्यंत वाकली, पण अंडी वाचली.

पाणी ओसरल्यावर निरगुडी ऐटीत म्हणाली, "बघितलंत? तग माझाच!"

"ताई, जरा खाली बघा," मुंगी म्हणाली. निरगुडीच्या बुंध्याची माती हरळीने धरून ठेवली होती.

ही गोष्ट लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या ओढ्याकाठी निरगुडीच्या काड्या रोवल्या आणि बुडाशी हरळी लावली. शेजारच्या शेतातले गेनूकाका बांधावरून ओरडले, "अरे खुळ्या, हरळी कुणी लावतं का? आम्ही जन्मभर उपटतोय!"

मी माती दाबत राहिलो.