गिरजा कुंभारणीचा वाफा

भाविकहो, अंतोबा महाराज नदीकाठच्या निंबवडे गावी मुक्कामाला होते, तेव्हाची ही हकिकत. गावाबाहेरच्या पडक्या धर्मशाळेत महाराज राहत. अंगावर एक कांबळे आणि जवळ एक तांब्या, एवढाच त्यांचा संसार. त्या वर्षी गावातून पटकीची साथ फिरून गेली होती. घरोघरी कोणी ना कोणी गेलेले. तिन्हीसांजेला दिवे लागत, पण घरांतून बोलण्याचा आवाज येत नसे.

गिरजा कुंभारणीचा नवरा आणि दोन्ही मुली एकाच आठवड्यात गेल्या. चाक थांबले, भट्टी विझली. एके सकाळी ती महाराजांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "महाराज, मला मरण द्या."

महाराज उठले. मग त्यांनी तिला धर्मशाळेच्या मागे नेले. तिथे गाव कैक वर्षे फुटकी मडकी, राख आणि दगडगोटे टाकत आले होते. महाराज म्हणाले, "मरण माझ्या हाती नाही, पोरी. ही एवढी जागा आहे. आधी ती साफ कर. मग देवाकडे काय मागायचे ते दोघे मिळून मागू."

गिरजा खापऱ्या वेचू लागली. पहिले काही दिवस ती रडत होती आणि वेचत होती. पुढे कधीतरी हात चालू असताना रडणे थांबले, ते तिच्याही ध्यानात आले नाही. दुपारी पाठ भरून येई, संध्याकाळी भाकरीची आठवण होई आणि अंथरुणाला टेकताच डोळा लागे. अशी झोप तिला साथीनंतर लागलीच नव्हती. तिने वाफे केले, वाल लावला, मेथी टाकली, कडेने झेंडू लावला. उजाडले की काल टाकलेले उगवले का, हे बघायला ती घाईने जाई. मुलींची नावे पुटपुटत खुरपत राही. दुःख होतेच. पण मरणाची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही, आणि महाराजांनीही ती विचारली नाही.

गावात केशवभट वैद्य होते. त्यांच्या हाताला गुण होता, आणि त्या गुणाचा ताठाही होता. त्यांनी चारचौघांत महाराजांना विचारले की, शोकावर माती उकरण्याचे औषध कोणत्या ग्रंथात सांगितले आहे? एवढ्यावर न थांबता त्यांनी गिरजेचा झेंडू देवळात घेऊ नये, असे पुजाऱ्याला बजावले. म्हणाले, "जिच्या हातून घरची तीन माणसे गेली, ते हात अशुभ. तिची फुले देवाला चालायची नाहीत."

गिरजेने ते ऐकले आणि मान खाली घातली. महाराजांनी तिच्या झेंडूची माळ स्वतःच्या गळ्यात घालून घेतली.

फाल्गुनात एका दुपारी आभाळ काळवंडले आणि गारपीट झाली. अर्ध्या घटकेत गिरजेचा सगळा मळा भुईसपाट झाला. वालाचे वेल चिंधड्यांसारखे पडले होते. गावातली शेतेही झोपली होती, पण लोकांच्या तोंडी केशवभटांचेच शब्द आले. अशुभ हात मातीला लागले म्हणून गावावर हे ओढवले, अशी कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजा नदीकडे निघाली. हातात घागर नव्हती. महाराजांनी ते ओळखले.

"जायचे तर जा," ते म्हणाले. "पण जमीन चांगली ओली झाली आहे. उरलेला वाल तेवढा टाकून जा."

गिरजा थबकली. मग माघारी फिरून वाफ्यात बसली.

त्याच वेळी केशवभट आपल्या मुलीला हाताला धरून घेऊन आले. वेणू बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि तिचे मूल बाराव्या दिवशी गेले होते. तेव्हापासून ती ना बोलत होती, ना रडत होती, ना घास घेत होती. वैद्यांचे सारे काढे आणि चाटणे संपली होती. ते थकल्या आवाजात म्हणाले, "महाराज, नऊ दिवस झाले. माझी विद्या संपली."

महाराजांनी वाफ्याकडे बोट दाखवले. केशवभटांचा चेहरा उतरला, पण ते मुलीला तिथे घेऊन गेले. गिरजेने वर पाहिले. काही न विचारता तिने सरकून जागा केली आणि वेणूच्या ओंजळीत वालाचे दाणे ठेवले. ती बोटाने खळी करी, वेणू त्यात दाणा टाकी. पहिले दाणे भलतीकडेच पडले. मग वेणू खळी शोधून टाकू लागली. शेवटी ती स्वतःच बोटाने खळी करू लागली. ओळ पुरी झाली, तेव्हा महाराजांनी आपल्या तांब्यातले पाणी त्या ओळीवर शिंपडले आणि डोळे मिटले.

काय सांगावी ती कृपा! ऊन डोक्यावर यायच्या आत माती तडकली, आणि वेणूने लावलेल्या ओळीतून वालाचे कोंब मान वाकवून वर आले. केशवभटांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिले. वेणूने एका कोंबाला बोट लावले.

"नाना, उगवलं," ती वडिलांना म्हणाली, आणि मातीत कपाळ टेकून मोठ्याने रडू लागली. गिरजेने तिला जवळ ओढले. मग दोघीही रडल्या.

केशवभट महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी त्यांना उठवले. "मी नुसते पाणी घातले, वैद्यबुवा. ज्या हातांनी तिला धरले आहे, ते बघा."

केशवभटांनी चिखलात गुडघे टेकले आणि गिरजेपुढे डोके वाकवले. ती संकोचून मागे सरली. त्यांना क्षमेचे शब्द सापडत नव्हते, आणि तिला ते ऐकायचेही नव्हते. वेणूच्या केसांतली माती झटकत ती एवढेच म्हणाली, "उद्या उन्हं चढायच्या आत पाठवा हिला. मोडलेले वेल काढायचे राहिलेत."